सनईच्या जागेवर क्लारनेट

सिरिल रोझचे ३२ अभ्यास क्लॅरिनेट शिकणाऱ्याला सहसा चुकत नाहीत. पहिलाच सी मेजरमधला: पानभराचा, संथ, गळ्यातून गाऊन काढावा तसा. आता हे सी म्हणजे कागदावरचं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ते वाजवलं की आपल्या पेटीवरची काळी पाच ऐकू येते.

पण यातले बहुतेक तुकडे मुळात क्लॅरिनेटचे नाहीतच, ते ओबोचे आहेत! फ्रांट्स विल्हेल्म फेर्लिंग (१७९६–१८७४) हा ब्राउनश्वाइगच्या दरबारातला ओबोवादक. त्याने ४८ अभ्यास लिहिले. प्रत्येक पट्टीत दोन, एक विलंबित आणि एक द्रुत. १८७६ ते १९०० पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत शिकवणाऱ्या रोझने त्यांतून निवड केली आणि क्लॅरिनेटला मानवेल असं सगळं फिरवून घेतलं. आणि ओबो म्हणजे तरी कोण? दुहेरी पत्ती, पुढे रुंदावत जाणारी नळी. म्हणजे आपल्या सनईच्याच घराण्यातला. इथूनच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला: क्लॅरिनेट जिथे जिथे गेलं, तिथे ते सनईच्या भावंडांच्या जागेवर जाऊन बसलं.

क्लॅरिनेटचा जन्म १७०० च्या सुमाराचा, न्युरेंबर्गचा. श्रेय योहान क्रिस्टोफ डेनरला. ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यापेक्षा नळीचा आकार महत्त्वाचा. सनई आणि ओबो वरच्या सप्तकात उडी घेतात ती आठव्या सुरावर. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ शेवटपर्यंत एकाच रुंदीची, म्हणून ते थेट बाराव्या सुरावर जातं. परिणामी मधल्या एका ठिकाणी, जवळजवळ सगळी बोटं उचललेली असताना, पुढच्याच सुरासाठी ती सगळी एकदम खाली टेकवावी लागतात. द्रुत लयीत हा सांधा खपून जातो, संथ लयीत उघडा पडतो. ओबोसाठी लिहिलेली सलग गाणारी ओळ क्लॅरिनेटवर म्हणूनच परीक्षा घेते. ‘सोपा आहे, हळूच तर वाजवायचाय’ असं म्हणणाऱ्याने रोझचा तो पहिला तुकडा एकदा वाजवून पाहावा.

व्हायोलिनवाले इथे हरकत घेतील. रोझचेच ४० अभ्यास क्रॉइत्झर, रोद, माझास यांच्या व्हायोलिनच्या पाठांवरून उचललेले आहेत. मग क्लॅरिनेटचा गुरू व्हायोलिनच का नाही? माझं उत्तर असं की गजाला दम लागत नाही. ४० मधून बोटं तयार होतात. ओळ कुठे संपवायची, श्वास कुठे चोरायचा, हे मात्र ३२ मध्ये येतं, कारण ते फुंकणाऱ्याने फुंकणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. दुसरी हरकत जास्त जड आहे: सिंफनीच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट आलं तरी ओबो उठलेला नाही, दोघे शेजारी बसतात. हा माझ्या सिद्धांतावरचा ठसठशीत डाग, आणि तो मला पुसता येत नाही.

पण वाद्यवृंद सोडून लग्नघरात या. ग्रीसमध्ये क्लॅरिनेटने झुर्न्याला मागे सारलं, आणि झुर्ना दुहेरी पत्तीचाच. तंजावरात सदिर नाचाच्या साथीला मुखवीणा असे, तीही दुहेरी पत्तीचीच. एकोणिसाव्या शतकात नृत्यगुरू महादेव नट्टुवनार यांनी तिच्या जागी क्लॅरिनेट आणलं. ते कुठून आलं? कंपनीच्या पलटणींच्या बँडमधून, असं सरसकट म्हटलं जातं. मी बोट ठेवतो ते भोसल्यांच्या दरबारावर. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या पदरी पाश्चात्त्य बँड होता आणि स्वतः महाराजांना त्या संगीताचा षौक होता. नाचाची साथ आणि बँड एकाच राजवाड्यात असताना वाद्य छावणीतून कशाला मागवावं लागेल?

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतले बँड सगळ्यांना माहीत आहेत. मला जवळचा पुरावा नवी मुंबईतच मिळतो. दिवाळे, करावे, सारसोळे या गावांत आगरी-कोळी हळद असली की ब्रास बँड येतो, आणि वादकांच्या तोंडी ‘क्लारनेट’ असतं. चाल सहा मात्रांच्या झोक्यावर, लय चढती, आणि ओळीच्या शेवटी क्लारनेटवाला ओठ किंचित सैल करून, बोट भोकावरून सरकवून सूर खाली ओढतो. ही हरकत सनईची आहे. रोझच्या पानावर तिला जागा नाही.

गंमत अशी की रोझ ज्यांच्याकडे शिकला त्या क्लोजेंनीच वाद्यकार ब्यूफेबरोबर १८३९ च्या सुमारास क्लॅरिनेटला नवी यंत्रणा बसवली. भोकांभोवती कड्या आल्या, अवघड पट्ट्या हाताला आल्या. पण कडी दाबली की दुसरीकडची झडपही हलते, त्यामुळे बोट हळूहळू सरकवून मींड काढणं कठीण झालं. म्हणूनच ग्रीस आणि तुर्कस्तानातले लोकवादक जुन्या, कमी कड्यांच्या बनावटीला चिकटून राहिले. नेरूळमध्ये नव्या क्लॅरिनेटवर रोझ घोटणाऱ्या मुलाने दिवाळ्याच्या हळदीतली ती ओळ काढायची ठरवली, तर त्याला ती बरीचशी ओठानेच काढावी लागेल.