चेंडूमागची भिंत

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो त्यात चेंडू बहुधा हातातच असतो, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. त्या खेळात चढाई करणाऱ्या पक्षाच्या अग्रभागी पाच धिप्पाड गडी ओळीने वाकून उभे राहतात. मधला गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो, आणि मग ते पाचही जण समोरच्यांच्या धडका अंगावर घेत, मागच्या चेंडूवाल्याला क्षणभर उसंत मिळवून देतात. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकारही त्यांना सहसा नसतो. वर्षानुवर्षे खेळूनही ज्याच्या नावावर एकही गुण नाही असा खेळाडू तेथे आढळतो. प्रेक्षकांना त्याची आठवण होते ती तो चुकला तरच.

हैदराबादेत तो खेळ रुजला नाही. पण त्या जातीचे गडी मात्र या शहराने पुष्कळ दिले. आपल्या फुटबॉलमध्ये त्यांना बॅक म्हणतात. त्यांतील एकाचे नाव सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन. हैदराबाद सिटी पोलीस संघाचे ते राइट-बॅक.

या पोलीस संघाची गोष्ट मुंबईकर वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकली असेल. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले. मराठवाड्यातील घराघरांत त्या दिवसांच्या आठवणी निघतात आणि त्या साऱ्याच सुखाच्या असतात असे नाही. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, 1950 साली, याच शहराच्या पोलिसांनी मुंबईच्या रोव्हर्स चषकावर नाव कोरले आणि 1954 पर्यंत सलग पाच वर्षे तो कोणाच्या हाती जाऊ दिला नाही. कूपरेजवरील प्रेक्षकांनी या परक्या पोलिसांना मनापासून दाद दिली.

संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. ते मूळचे शाळामास्तर. शिस्तीचे मोठे भोक्ते. चेंडू पायात घोळवीत बसणे त्यांना मुळीच खपत नसे. कमकुवत पायानेच खेळायचे, किंवा चेंडू घोळवायचाच नाही, अशा अटींच्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. मला विचाराल तर चषकांपेक्षा या विक्षिप्त स्पर्धांतच त्यांची खरी प्रतिभा दिसते.

आता 1952 च्या हेलसिंकीकडे वळू. भारताचा सामना युगोस्लाव्हियाशी होता. आपले बहुतेक गडी अनवाणी, आणि हवा थंड. बचावात कर्णधार शैलेन मन्ना आणि अझीझुद्दीन. निकाल लागला दहा विरुद्ध एक.

दहा गोल! बॅकच्या आयुष्यात याहून मोठी नामुष्की कोणती? पण दोष केवळ त्या दोघांचा होता का, हे तपासून पाहिले पाहिजे. 1925 साली ऑफसाइडचा नियम सैल झाला. पूर्वी चढाईच्या गड्यापुढे प्रतिपक्षाचे तीन जण असावे लागत, ते आता दोन पुरेसे झाले. साहजिकच फॉरवर्डांना मोकळे रान मिळाले, आणि युरोपातील संघांनी मधल्या हाफ-बॅकला मागे खेचून तिसरा बॅक उभा केला. आपण मात्र त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड ही जुनीच मांडणी कवटाळून होतो. मधली वाट उघडी टाकून दोन गड्यांना दोन्ही कडा सांभाळायला सांगायचे, आणि मग गोल झाले की त्यांच्याकडे बोट दाखवायचे, हा न्याय नव्हे.

हेलसिंकीहून परतल्यावर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी मांडणीही बदलत नेली. बचावात माणसे वाढली, आणि मधल्या फॉरवर्डला किंचित मागे घेण्याची हंगेरियन क्लृप्ती त्यांनी उचलली.

1956 साली मेलबर्नला निघालेल्या संघात अझीझुद्दीन पुन्हा होते. डाव्या हाफला खेळणारे त्यांचे पोलीस संघातील सहकारी नूर मोहम्मदही होते. तेही हेलसिंकी सोसून आलेले. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने चार विरुद्ध दोन असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी त्यात तीन गोल मारले, आणि ते नाव सर्वतोमुखी झाले. व्हावे हेही योग्यच. उपान्त्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया! मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. मग डिसूझांनीच भारताला आघाडी मिळवून दिली. शेवटी सामना चार विरुद्ध एक असा गेला. पण दहावरून चारावर येणे ही बचावाची कमाई होती. पुढे बल्गेरियाकडूनही हार झाली आणि भारत चौथा आला. त्याहून वर आपण ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये आजवर पोचलो नाही.

रहीमसाहेबांचा शेवटचा मोठा डाव 1962 साली जाकार्ताला झाला. ते तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते. पंजाबचा बॅक जर्नेलसिंग याच्या डोक्याला थायलंडच्या सामन्यात जबर जखम होऊन टाके पडले. बचावात त्याला उभे करणे धोक्याचे. म्हणून रहीमसाहेबांनी त्याला सेंटर-फॉरवर्डच्या जागी खेळवले. जन्मभर दुसऱ्यांच्या धडका परतवणारा हा गडी उपान्त्य सामन्यात गोल करून गेला, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. दोन विरुद्ध एक असा विजय झाला, सुवर्णपदक आले. पुढच्याच वर्षी, 11 जून 1963 रोजी, रहीमसाहेब निवर्तले.

त्या सामन्याच्या नोंदीत भारतीयांच्या बाजूला गोल करणाऱ्यांची दोन नावे आढळतात: पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग. जर्नेलच्या जागी मागे राहून भिंत धरणारे अरुण घोष, किंवा गोव्याच्या कोलवाळचे हाफ-बॅक फॉर्च्युनाटो फ्रँको, यांना शोधायचे तर संघाची पूर्ण यादीच काढावी लागते.