टप्प्याटप्प्यानं

मंडळी, मागच्या महिन्यात एका टेक कॉन्फरन्सला गेलो होतो. दोन दिवस नुसता स्पीकर्सचा दणदणाट, जेवतानाही नेटवर्किंग. दुसऱ्या दिवशी आमच्या टीममधली एक मुलगी एकदम पांढरीफटक पडली. श्वास लागला, हात थरथरायला लागले. तिला पाच मिनिटं शांत बसवायला अख्ख्या इमारतीत जागा मिळेना! शेवटी फायर एक्झिटच्या जिन्यात बसलो. गेम झोन मात्र दोन होते.

ते डोक्यात घोळत असतानाच एका शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला उतरलो. रेवसहून अलिबागकडे जाताना कनकेश्वर फाटा लागतो. आत मापगाव, आणि मग डोंगरावरच्या महादेवापर्यंत सुमारे ७०० पायऱ्या. या १७६४ सालच्या, म्हणजे राघोजी आंग्र्यांच्या अमदानीतल्या. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे रीघ लागते. निम्म्यातच माझा भाता फुलला. नागोबाच्या टप्प्यावर एक आजी निवांत बसल्या होत्या. मी तसाच पुढे निघालो तर म्हणाल्या, "बस रे बाला, देव काय पलतंय का?"

बसलो. आणि ट्यूब पेटली. थांबायच्या जागेला इथे नाव आहे! नाव असलं की थांबायची लाज वाटत नाही. 'मी दमलो' म्हणायला नको, 'टप्प्यावर बसू' म्हटलं की झालं.

वारीतही हेच. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पालखीच्या वेळापत्रकात मुक्कामाबरोबर 'विसावा'ही छापलेला असतो. कोणी थकलं म्हणून दिलेली ती सवलत नाही, तो कार्यक्रमाचाच भाग आहे.

त्याहून भारी म्हणजे मुक्कामावरची समाजआरती. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सगळं चिडीचूप! मग हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय शांतता पुरी होत नाही. एवढ्या गर्दीत एकाची अडचण ऐकू यावी, यासाठी बाकीच्यांनी गप्प व्हायचं. याहून चांगलं डिझाइन मी तरी पाहिलेलं नाही.

परदेशात कॉन्फरन्समध्ये 'क्वाएट रूम' ठेवायची पद्धत आता रुळते आहे. आपल्याला ती नवी वाटते, याची गंमत वाटते.

आमच्या ऑफिसच्या पुढच्या इव्हेंटच्या कमिटीत मी आहे. एक खोली मागितली. माइक नाही, स्क्रीन नाही, चार खुर्च्या आणि पाणी. लगेच प्रश्न आला, "तिथे कोणी आलंच नाही तर? एक स्टॉल बसला असता की!" म्हटलं, रिकामी राहिली तर उत्तमच. पण वेळापत्रकात छापायची, नावासकट.

नाव ठेवलंय 'टप्पा'. त्या मुलीला सांगितलं, तर हसली. म्हणाली, "जिन्यापेक्षा बरं."

असो. दमलात तर बसा मंडळी, देव काही पळून जात नाही.