निषिद्ध गोष्टी दाखवण्याचा धंदा

१९३४ पासून हॉलिवूडमध्ये हेज संहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये याच्या नियमावलीची, कडक अंमलबजावणी सुरू झाली. गुप्तरोग, अमली पदार्थ, बाळंतपण हे विषय बड्या स्टुडिओंच्या पडद्यावरून हद्दपार झाले आणि नेमके तेच विकायला छोटे निर्माते सरसावले. त्यांचे ‘एक्स्प्लॉयटेशन’पट यथातथाच असत, सगळी भिस्त जाहिरातीवर. वर समाजप्रबोधनाचा मुलामा.

क्रोगर बॅब हा या धंद्यातला बिलंदर. त्याचा ‘मॉम अँड डॅड’ (१९४५) गावोगाव फिरला. स्त्रियांचे आणि पुरुषांचे खेळ वेगळे होत. मध्येच ‘एलियट फोर्ब्स’ नावाचे तज्ज्ञ आरोग्यावर भाषण देत आणि मग लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिका विकल्या जात. हे फोर्ब्स एकाच वेळी अनेक गावांत हजर असत, कारण बॅबच्या प्रत्येक भाडोत्री वक्त्याचे नाव तेच होते!

१९५०च्या दशकात ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसून पाहायच्या खुल्या चित्रपटगृहांमधली तरुण मंडळी हे नवे गिऱ्हाईक झाले. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी अनेकदा आधी नाव आणि पोस्टर ठरवी, चित्रपट नंतर. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चे (१९६०) बहुतांश चित्रीकरण दोन दिवसांत उरकले. ‘ब्लड फीस्ट’ने (१९६३) रक्तपातालाच नायक केले.

या चित्रपटांच्या ओबडधोबडपणात आणि बड्यांनी टाळलेले दाखवण्यातच त्यांचे आकर्षण होते. मेल्विन व्हॅन पीबल्सच्या १९७१च्या ‘स्वीट स्वीटबॅक’मधला कृष्णवर्णीय नायक गोऱ्या पोलिसांना झोडपून निसटतो; असे दृश्य बड्या स्टुडिओंकडे दुर्मीळच. पुढे बड्या स्टुडिओच्या ‘जॉज’ने (१९७५) तोच भीतीचा माल मोठ्या भांडवलावर विकला आणि छोट्यांची बाजारपेठ आक्रसून व्हिडिओ कॅसेटकडे वळली.