एका जंतूची दोन नावे

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून आपण दिवाळीचा पहिला दिवा लावतो. पुष्कळ घरी त्या दिवशी दूधदुभते वर्ज्य असते. एरवी मात्र धारोष्ण दुधाची थोरवी आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. त्याच धारोष्ण दुधात एका अमेरिकन विदुषीला काय आढळले, त्याची ही हकीकत. तिची सुरुवात मात्र अमेरिकेपासून फार दूर, भूमध्य समुद्रात होते.

माल्टा बेटावरील ब्रिटिश शिपायांना एक चिवट ताप येई. तो आठवडेच्या आठवडे चढे, उतरे. सांधे धरत आणि रोगी खंगून जाई. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी, या तापाने दगावलेल्यांच्या प्लीहेत एक जंतू सापडल्याचे जाहीर केले. तो त्यांना वाटोळा दिसला, म्हणून त्याची गणना 'मायक्रोकॉकस' या गोल जंतूंच्या गणात झाली. पुढे १९०५ साली थेमिस्टोक्लीस झमीट यांना तो बेटावरच्या शेळ्यांत आढळला. शिपायांना शेळीचे दूध बंद करताच ताप ओसरला.

तिकडे डेन्मार्कमध्ये गाभण गायी अवेळी गाभडत आणि गोठेच्या गोठे बुडत. १८९७ साली पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी त्याचा जंतू शोधला. तो दांडीसारखा, म्हणून 'बॅसिलस' गणात गेला. एक जंतू माणसांच्या डॉक्टरांच्या दप्तरी, दुसरा गुरांच्या डॉक्टरांच्या. दोघांची गाठ घालून पाहावी, असे वीस वर्षे कोणाला सुचले नाही!

ती गाठ घातली ॲलिस इव्हान्स यांनी. पेन्सिल्व्हेनियात १८८१ साली जन्मलेल्या या बाई आधी शाळेत शिकवीत. पुढे त्या वॉशिंग्टनला सरकारी शेतीखात्याच्या दुग्धशाखेत संशोधन करू लागल्या. धडधाकट दिसणाऱ्या गायींच्या ताज्या दुधातही बँगचा जंतू निघतो, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या. त्यांनी दोन्ही जंतू शेजारी शेजारी वाढवले, सर्व कसोट्या लावल्या. नेहमीच्या चाचण्यांनी ते वेगळे ओळखू येईनात. ब्रूसचा 'वाटोळा' जंतू वस्तुतः आखूड दांडीच होता! मग शेळीच्या दुधातून माणसाला ताप येतो, तर गायीच्या निरशा दुधातून का येऊ नये?

१९१७ साली त्यांनी हे विद्वानांपुढे मांडले. पुढल्या वर्षी निबंध छापून आला. सभेला ते पटले नाही. असे असते तर आजवर कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, असा सवाल झाला. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञानेही शंका घेतली. बाई स्त्री होत्या आणि त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती, हेही आड आलेच. तथापि १९२० साली मेयर आणि शॉ यांनी दोन्ही जंतू एका गणात घातले आणि ब्रूस यांच्या नावावरून त्याला 'ब्रुसेला' म्हटले.

१९२२ साली प्रयोगशाळेतच त्या जंतूने खुद्द बाईंना गाठले. ताप जाई, पुन्हा येई. काही डॉक्टरांनी ते मनाचे दुखणे ठरवले. ज्या रोगाला लोक टायफॉइड, मलेरिया असली भलतीच नावे देतात, असे बाई सांगत होत्या, तोच रोग त्यांच्या अंगात असून ओळखला जाईना! सुमारे वीस वर्षे त्यांनी तो सोसला. दरम्यान गायीच्या दुधाने आजारी पडलेली माणसे ठिकठिकाणी सापडू लागली. १९२८ साली अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना अध्यक्ष केले. त्या मानाच्या पहिल्या स्त्री मानकरी. पुढच्या दशकात तिकडे दूध पाश्चराइज करण्याचा दंडक पसरत गेला.

वर्गीकरणाचा वाद पुढेही चालला. १९८५ साली, या गणातील सर्व जंतूंचे आनुवंशिक द्रव्य इतके सारखे आहे की ती एकच जाती मानावी, अशी सूचना निघाली. २००३ साली तज्ज्ञांनी व्यवहाराच्या सोयीसाठी जुनी वेगवेगळी नावेच पुन्हा मान्य केली.

आपल्याकडेही हा रोग गोठ्यांत आहे. २०१९ साली भारत सरकारने चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना त्याची लस टोचण्याचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. गाभडलेल्या गायीचा जार उघड्या हातांनी काढणाऱ्या गोठेवाल्याला याचा धोका दुधाइतकाच असतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. आणि घरी दूध उतू गेले म्हणून कोणी बोल लावू लागले, तर निदान ते नीट उकळले आहे, एवढे समाधान मानावे.