मोठा कॅमेरा, लहान काच

जुन्या फोटो स्टुडिओतला तिवईवर उभा केलेला लाकडी कॅमेरा पाहिला की विद्यार्थी हमखास विचारतात, "चित्र एवढेसे आणि पेटी एवढी मोठी कशाला?" या प्रश्नात प्रकाशविज्ञान, रसायनशास्त्र, सुतारकाम आणि घरखर्चाचा हिशेब असे सगळेच येते. मोठ्या कॅमेऱ्यात लहान काच आणि पुढे लहान फिल्म बसवण्याच्या खटाटोपाचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

चित्राएवढीच काच

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज छायाचित्रकाराने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. काच वाळण्याच्या आत अंधाऱ्या खोलीत किंवा तंबूत तिच्यावरची रासायनिक प्रक्रिया उरकावी लागे. मग ही निगेटिव्ह अल्ब्युमेनच्या कागदावर दाबून दोन्ही उन्हात ठेवायचे. निगेटिव्ह मोठी करून छापण्याची सोपी सोय नव्हती, म्हणून जेवढे चित्र हवे तेवढीच काच लागे आणि काचेएवढा कॅमेरा लागे.

हे तंत्र आपल्याकडे लवकर आले. १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले गेले.

आता या व्यवसायाचा हिशेब पाहा. काच, चांदीचा क्षार आणि कागद यांचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. काचेची लांबी-रुंदी दुप्पट केली तर खर्च चौपट होतो. मोठे चित्र श्रीमंतांनाच परवडे. मात्र प्रत्येक मापाचा वेगळा कॅमेरा घेणे छायाचित्रकारालाही परवडणारे नव्हते. यावर उपाय निघाला तो चौकटीत चौकट बसवण्याचा.

चौकटीत चौकट

काच ज्या सपाट, प्रकाशबंद डबीत घालून कॅमेऱ्याला जोडतात तिला प्लेट होल्डर म्हणतात. मोठ्या काचेच्या जागी तिच्याच बाह्य मापाची एक पातळ लाकडी चौकट ठेवायची आणि तिच्या मधल्या खाचेत लहान काच बसवायची. एकात एक बसणाऱ्या दोन-तीन चौकटी असल्या की एकाच कॅमेऱ्यात तीन-चार मापांच्या काचा चालत. कॅमेऱ्याला एक खिळासुद्धा ठोकावा लागत नसे. दुसरा उपाय म्हणजे कॅमेऱ्याची मागची बाजूच काढून तिथे लहान होल्डरची पाठ लावणे.

पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने १८५४ मध्ये याच दिशेने आणखी एक पेटंट घेतले. त्याने काच तशीच मोठी ठेवली, पण ती सरकवून आणि अनेक भिंगे वापरून तिच्यावर एकाशेजारी एक अशी अनेक लहान चित्रे घेतली. पत्त्याच्या पानाएवढ्या या कार्डांनी युरोपात धुमाकूळ घातला. मुंबईत हरिश्चंद्र चिंतामण यांच्या स्टुडिओतूनही अशी कार्डे निघत. लहान मापामुळे मध्यमवर्गीय माणसाचा चेहराही छायाचित्रात येऊ लागला.

मापांचे गणित

आपल्याकडच्या स्टुडिओंत इंग्रजी मापे रूढ झाली. फुल प्लेट साडेआठ गुणिले साडेसहा इंच, हाफ प्लेट साडेसहा गुणिले पावणेपाच इंच आणि क्वार्टर प्लेट सव्वाचार गुणिले सव्वातीन इंच. विद्यार्थ्यांना यांची क्षेत्रफळे काढायला सांगावे. फुल प्लेट ५५.२५ चौरस इंच येते, तर क्वार्टर प्लेट १३.८१, म्हणजे बरोबर पाव. हाफ प्लेट मात्र ३०.८८ येते, म्हणजे निम्म्याहून सुमारे १२ टक्के जास्त. नावावर विसंबून फुल प्लेटचे दोन सारखे तुकडे केले, तर ते हाफ प्लेटच्या होल्डरमध्ये सैल बसतील. नावापेक्षा मोजपट्टी खरी, हा धडा इथेच मिळतो.

चित्र जवळ येते का?

मोठ्या कॅमेऱ्यात लहान फिल्म घातली की चित्र "जवळ येते" असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. भिंग आणि त्याचे अंतर तेच असेल तर फिल्मवर चेहऱ्याची प्रतिमा जेवढ्या मिलिमीटरची पडत होती तेवढीच पडते. फक्त कडेचा भाग कापला जातो.

समजा, भिंगाचे नाभीय अंतर १२ इंच आहे. फुल प्लेटचा कर्ण १०.७ इंच असल्याने दूरच्या दृश्यासाठी दर्शनकोन सुमारे ४८ अंश येतो. क्वार्टर प्लेटचा कर्ण ५.३५ इंच, म्हणून तोच कोन सुमारे २५ अंशांवर येतो. एका माणसाच्या चेहऱ्याला हे सोयीचे. पण लग्नाच्या मांडवातला गट घ्यायचा तर पुन्हा ४८ अंश हवेत आणि त्यासाठी ६ इंची भिंग लावावे लागेल. मग भिंग फिल्मपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर आणावे लागते. मोठ्या कॅमेऱ्याचा भाता एवढा मिटतोच असे नाही. अशा वेळी भिंगाची पाटी आत खोल गेलेली करून घेत.

हलू नये अशी एक जागा

चौकट बनवताना खरी परीक्षा असते ती वेगळ्याच ठिकाणी. छायाचित्रकार आधी मागच्या घासलेल्या काचेवर प्रतिमा पाहून ती स्पष्ट करतो. नंतर ती काच बाजूला होऊन तिथे होल्डर येतो. घासलेल्या काचेची खरखरीत बाजू आणि फिल्मची संवेदनशील बाजू तंतोतंत एकाच प्रतलात आल्या पाहिजेत. लहान चौकटीची ओठासारखी कड जेवढी जाड, तेवढी काच मागे ढकलली जाते.

ही चूक किती महागात पडते? भिंगातून येणारा प्रकाश शंकूच्या आकाराने एका बिंदूत मिळतो. प्रतल एक मिलिमीटर मागे सरकले आणि भिंगाचे छिद्र नाभीय अंतराच्या आठव्या हिश्शाएवढे असले, तर समरूप त्रिकोणांवरून बिंदूच्या जागी अष्टमांश मिलिमीटरचा ठिपका पडेल. निगेटिव्हएवढेच चित्र छापले तर हातभर अंतरावरून हा ठिपका डोळ्याला खटकत नाही. पण क्वार्टर प्लेटची निगेटिव्ह चौपट लांबी-रुंदीची करून छापली, तर तोच ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि चित्र पुसट दिसते. फिल्म जितकी लहान आणि छापील चित्र जितके मोठे, तितकी सुताराची चूक अधिक उघडी पडते.

हे कळीचे झाले ते १८८० नंतर. कोरड्या जिलेटिन काचा कारखान्यात बनू लागल्या आणि ब्रोमाइड कागदामुळे दिव्याच्या प्रकाशात चित्र मोठे करून छापता येऊ लागले. १८८८ मध्ये फिलाडेल्फियात जॉन कार्बटने सेल्युलॉइडच्या पातळ पत्र्यांवर थर चढवून शीट फिल्म तयार केली. फिल्म हलकी असते आणि फुटत नाही, पण ती काचेसारखी ताठ नसते. काचेच्या होल्डरमध्ये ती वापरायची तर आधी धातूच्या पातळ खोळीत सरकवावी लागे आणि त्या खोळीच्या कडेची जाडीही हिशेबात धरावी लागे.

आपल्या किनारपट्टीवर अडचण दुहेरी. धरमतर खाडीजवळच्या डोलवीसारख्या गावी पावसाळ्यात सागवानाची चौकटही फुगते, फिल्म वाकते आणि जिलेटिनवर बुरशी धरते. उन्हाळ्यात चपखल बसलेली चौकट आषाढात अडकते. दमट केरळात, अळप्पुळा येथे, १९४० च्या दशकात सुरू झालेल्या 'वागीश्वरी' या देशी लाकडी कॅमेऱ्याच्या निर्मितीचे मोल यावरून कळावे. हे कॅमेरे देशभरच्या स्टुडिओंत वापरले गेले.

शाळेत काय करता येईल?

जुना प्लेट कॅमेरा कुणाकडे शोभेची वस्तू म्हणून पडलेला असेल, तर एका तासासाठी तो वर्गात आणावा. घासलेल्या काचेवर काळ्या कागदाची क्वार्टर प्लेटच्या मापाची खिडकी ठेवून दर्शनकोन कसा घटतो ते दाखवावे. कॅमेरा नसेल तर पुठ्ठ्याची पेटी, वाचनाचे भिंग आणि ट्रेसिंग पेपर पुरतात. पडदा एकेक मिलिमीटर मागे सरकवून ठिपका कसा वाढतो ते मोजावे.

आणखी एक काम अधिक निकडीचे आहे. बंद पडलेल्या स्टुडिओंतल्या काचेच्या निगेटिव्ह धुऊन ती काच तसबिरींना वापरल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. अशा प्रत्येक काचेबरोबर गावाचे काही चेहरे कायमचे जातात. कुठे अशी पेटी आढळली, तर काचा पुसू नयेत. कडांना धरून एकेक काच कागदात गुंडाळावी, उभी ठेवावी आणि माप लिहून ठेवावे. फिल्म असेल तर जास्त जपावे. १९५० च्या आधीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असू शकते आणि ती सहज पेट घेते. ती उष्णतेपासून दूर, वेगळी ठेवून जाणकाराला दाखवावी. आज अशी काच मागून प्रकाश देऊन साध्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपता येते. त्यासाठीही काच आणि कॅमेऱ्याची मागची बाजू समांतर असावी लागते. प्रतलाचा नियम इथेही तोच आहे.