ब्रिगेडियरसाहेबांची पेन्शन

वीस वर्षं बँकेत आकडे जुळवल्यावर माणसाला एक खोड लागते. लग्नपत्रिका हातात आली, तरी मुहूर्ताची तारीख आणि वार जुळतात का, हे तो आधी बघतो. वधूवरांची नावं मागाहून. याच खोडीपायी भाच्याने मोठ्या हौसेने दाखवलेल्या 'डॉक्टर हू'चा मला धड आनंद घेता आला नाही.

ही बीबीसीची मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी. लोकांचं चित्त ठिकाणावर नव्हतं, म्हणून पुढच्या आठवड्यात पहिला भाग पुन्हा दाखवला. म्हणजे पहिलीच नोंद डबल! आमच्याकडे यावर मेमो मिळतो.

नायक डॉक्टर निळ्या पोलिसपेटीत बसून काळात हिंडतो आणि मरायला टेकला की चेहरा बदलून पुन्हा उभा राहतो. विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा १९६६ साली ही युक्ती निघाली. युक्ती झकास, वारसनोंदीची कटकटच नाही. पण वयाचं काय? १९६७ साली हे गृहस्थ स्वतःचं वय साडेचारशे सांगतात, १९८७ साली ९५३, आणि २००५ साली नऊशे! निवृत्ती जवळ आली की वय कमी करून घ्यायचे अर्ज आमच्याकडेही येतात, पण ते वर्षा-दोन वर्षांचे. त्रेपन्न वर्षांचा अर्ज करायला छातीच हवी.

तीच गत अटलांटिसची. त्याच्या विनाशाचे १९६७, १९७१ आणि १९७२ सालच्या गोष्टींत तीन निराळे हिशेब. विमा कंपनीने एक तरी दावा मान्य केला असता का?

पण खरी मेख आहे ती ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्युअर्ट यांची. परग्रहावरच्या आगंतुकांशी लढणाऱ्या 'युनिट' नावाच्या फौजेचे हे प्रमुख. १९६८ सालच्या दोन गोष्टींतले उल्लेख घेऊन मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. १९३५च्या तिबेटातल्या भानगडीनंतर चाळीसेक वर्षांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरतात. तिथे साहेब अजून कर्नल. त्यानंतर चार वर्षांनी ते ब्रिगेडियर. म्हणजे आलं १९७९च्या आसपास. पुढे १९७५च्या एका गोष्टीत डॉक्टरची सोबतीण सारा आपण १९८० सालच्या असल्याचं सांगते. वा! ताळा जमला. मी चहा मागवला.

चहा यायच्या आत भाच्याने १९८३ सालची 'मॉड्रिन अनडेड' लावली. तीत साहेब १९७६लाच निवृत्त! १९७७ साली मुलांच्या शाळेत मास्तरकी करताहेत. म्हणजे नेमणुकीच्या आधीच निरोपसमारंभ. आणि शिकवतात कोणता विषय, तर गणित!

त्याचंही कारण आहे. ती भूमिका मुळात मालिकेतल्या पहिल्या काळातल्या इयन मास्तरांसाठी होती. तो नट मिळेना, तेव्हा त्या खुर्चीत ब्रिगेडियर बसवले. साल १९७७ राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी. बदली माणूस आणला की मागची फाईल कोण उघडतो? आणि उघडायची म्हटलं तरी फाईल होती कुठे! बीबीसीने जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरलेल्या. नव्वदहून अधिक भाग आजही बेपत्ता आहेत. या मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट बाजारात आली तीही १९८३ सालीच. तोवर ताळा बघणार कोण? २००८ साली मात्र कमाल झाली. खुद्द डॉक्टरच युनिटमधल्या नोकरीबद्दल म्हणतो की ती सत्तरच्या दशकात, की ऐंशीच्या? हेडक्लार्कनेच हात वर केले म्हणायचे.

"मामा, या साहेबांना पेन्शन कुठल्या तारखेपासून मिळाली असेल?" भाच्याने हसत विचारलं. मला हसू आलं नाही. कारण त्या वेळी आमच्याच घरची पेन्शन अडली होती.

वडील फेब्रुवारीत गेले. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्या काळी मास्तर निम्म्या गावाला १ जूनलाच जन्माला घालत. सेवापुस्तकात मात्र ११ जून; कुणाचा तरी टाक जरा जास्त चालला असावा. या एका एक्क्यापायी आईची कुटुंबपेन्शन सात महिने थांबली. खिडकीपलीकडचा कारकून तरुण, सभ्य आणि हुबेहूब माझ्यासारखा होता. "साहेब, तुम्हीच सांगा, दोन तारखा कशा चालतील?" मी वीस वर्षं हेच वाक्य खिडकीच्या आतून म्हणत आलोय, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

प्रतिज्ञापत्र करायला गेलो, तर वकिलाने आईला विचारलं, "आजी, खरी तारीख कुठली?"

"तारीख काय ठाऊक! कोजागिरीचा जन्म त्यांचा," आई म्हणाली. "सासूबाई सांगायच्या, दूध उतू गेलं नि हे आले."

वकील माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "एक जून लिहा."

पेन्शन सुरू झाली ती मागच्या थकबाकीसकट, कोजागिरीच्या आदल्याच आठवड्यात. पौर्णिमेला आईने दूध आटवलं आणि एक पेला वडिलांच्या फोटोपुढे ठेवला. भाचा आला होता. पेला हातात धरून तो म्हणाला, "मामा, त्या ब्रिगेडियरचं पुन्हा लावून बघू या का हिशेबाला?"

"आधी दूध पी," मी म्हटलं, "साय धरतेय."