फासे खोटे की माणूस खोटा?

आजच्या भागात फासे आहेत, एक संशयी प्रोफेसर आहे आणि शेवटी बाप-लेकाची जरा गंमतही आहे.

लंडनमध्ये वेल्डन नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. बारा फासे एकदम टाकायचे, त्यात 5 किंवा 6 किती पडले ते लिहायचं, परत टाकायचे. किती वेळा? 26,306 वेळा! (काही फेऱ्या एका क्लार्कने टाकल्या. त्याची दया येते.) म्हणजे एकूण 3,15,672 फासे. फासे चोख असतील तर त्यातले एक तृतीयांश, म्हणजे 1,05,224 वेळा 5 किंवा 6 यायला हवा. आला 1,06,602 वेळा. 33.33 टक्क्यांऐवजी 33.77.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसलात? पण यातले काही आकडे कार्ल पिअरसन यांनी पाहिले आणि म्हणाले, हे विश्वास ठेवण्यासारखे नाहीत. थेट नाकारलेच. बिचाऱ्या वेल्डन यांनी फेब्रुवारी 1894 मध्ये गाल्टन यांना पत्र लिहून विचारलं, तुमचं काय मत?

आता हिशेब बघा. इतके फासे टाकले तर नुसत्या नशिबाने आकडा साधारण 265 ने इकडेतिकडे हलतो. इथे तो 1,378 ने हललाय, म्हणजे पाचपटीहून जास्त. शंभर फाशांत अर्ध्या टक्क्याचा फरक कुणी विचारतही नाही, तीन लाखांत तोच फरक ओरडून सांगतो की काहीतरी गडबड आहे.

1900 साली पिअरसन यांनी काय-स्क्वेअर टेस्ट मांडली, तेव्हा उदाहरणांत हेच फासे घेतले. शून्य वेळा 5-6 आलेल्या फेऱ्या किती, एकदा आलेल्या किती, असे सगळे गट घ्यायचे. प्रत्येक गटात प्रत्यक्ष आकडा आणि अपेक्षित आकडा यांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्याने भागायचं, मग सगळ्याची बेरीज. उत्तर आलं, हा योगायोग असण्याच्या विरोधात 62,499 ला 1. यावेळी पिअरसन यांनी दोष फाशांना दिला. ठिपक्यांसाठी खड्डे कोरतात, 6 च्या बाजूला सगळ्यात जास्त, ती बाजू हलकी होते आणि वर येते, असं याचं कारण सांगतात.

पण मला इथे मजा वाटते ती वेगळीच. टेस्टने फक्त ‘हा योगायोग नाही’ एवढंच सांगितलं. दोष फाशांचा की लिहून घेणाऱ्याचा, हे ती सांगतच नाही. आकडे तेच, 1894 मध्ये माणसावर संशय आणि 1900 मध्ये फाशांवर!

आता ॲपकडे या. हिरवं बटण आणि केशरी बटण, पैसे भरले आणि नाही भरले. झाला चार खान्यांचा तक्ता. इथे मात्र पिअरसन स्वतःच अडकले. त्यांच्या मते अशा तक्त्याला डिग्री ऑफ फ्रीडम 3. 1922 मध्ये तरुण रोनाल्ड फिशर म्हणाले, नाही हो, 1. आडव्या-उभ्या बेरजा ठरलेल्या असतील तर एक खाना भरला की उरलेले तीन आपोआप भरतात ना!

हे भांडण नुसतं पुस्तकी नव्हतं. नेहमीच्या 5 टक्के मर्यादेसाठी पिअरसनच्या हिशेबाने काय-स्क्वेअर 7.81 च्या वर हवा, फिशरच्या हिशेबाने 3.84 पुरे. तुमचा आकडा 5 आला तर? एक म्हणेल योगायोग असेल, सोडून द्या. दुसरा म्हणेल, फरक आहे, बटण बदला. लस दिलेल्या आणि न दिलेल्या लोकांचे तक्तेही याच गणितावर तपासले जायचे, तिथे चूक बटणाएवढी स्वस्त नाही.

पिअरसन भडकले. त्यांनी फिशरची तुलना पवनचक्कीवर चाल करून जाणाऱ्या डॉन किहोतेशी केली.

फिशरनी उत्तर दिलं 1926 मध्ये. अकरा हजारांहून जास्त प्रायोगिक तक्ते घेतले आणि त्यांच्या काय-स्क्वेअरची सरासरी काढली. पिअरसन बरोबर असते तर ती 3 च्या आसपास यायला हवी होती. आली जवळजवळ 1. आणि ते तक्ते बनवले होते कुणी? एगॉन पिअरसन यांनी. कार्ल यांचा सख्खा मुलगा.